मोडशी: एका शब्दाचा आणि एका उपचाराचा प्रवास

फ्रेंच प्रवाशांनी पटकीला एक भयाण नाव दिले होते, ‘मोर द श्यँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण. त्यात ना कुत्रा होता ना फ्रेंच. आपल्या मराठी-कोकणी ‘मोडशी’चे पोर्तुगिजांनी ‘मोर्देशी’ केले आणि फ्रेंचांनी त्यात स्वतःच्या भाषेतला अर्थ ऐकला. आज मोडशी म्हणजे साधे अजीर्ण. सोळाव्या शतकातील गोव्यात मात्र या नावाने माणसे दगावत होती.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात या रोगाची लक्षणे आहेत: नाडी जेमतेम लागते, अंग गार पडून थंड घाम सुटतो, तरी रुग्ण आतून जळत असल्याचे सांगतो, तहान शमत नाही, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात. काही रुग्ण दहा तासांतच गेलेले त्याने पाहिले होते. जंतूची कल्पनाही नसताना केलेले हे निरीक्षण! आज आपल्याला कळते की ही बहुतेक लक्षणे एकाच गोष्टीची आहेत: शरीरातील पाणी आणि क्षार वेगाने निघून जात आहेत.

स्थानिक लोक तळपायांना डाग देत, तसेच मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज पाजत. ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणण्याची घाई मात्र नको. पेजेने पाणी मिळे. क्षारांची भरपाई तेवढ्याने होत नसे. तरीही ही पेज पुढच्या काळातील पुष्कळ उपचारांहून शहाणी होती, कारण १८१७ च्या साथीनंतर युरोपीय डॉक्टर आधीच आटलेल्या देहातून रक्त काढत आणि पाऱ्याचे कॅलोमेल देत. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटाने शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन काही रुग्ण वाचवले. पण ती वाट लवकरच ओस पडली.

१९७१. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधील बनगावचे रुग्णालय भरून गेले. रुग्ण जमिनीवर पडलेले, सलाइन संपलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा हे प्रमाण धरले. ग्लुकोजसोबत आतडे मीठ शोषून घेते आणि त्यामागे पाणी जाते, हे प्रयोगशाळेत आधीच उमगले होते. द्रावण पिंपांत भरले गेले आणि नातेवाईकच ते रुग्णांना पाजू लागले. तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.