बर्फातला गुलाब

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे गुलाबाची छाटणी होते आणि थंडी पडली की झाड बहरून येते. आपली थंडी ही गुलाबाची मावशीच म्हणा ना! पण जिथे ती सासू होऊन बसते, पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो, तिथे गुलाबाने नांदावे कसे? कॅनडात या एका प्रश्नापायी माणसांच्या दोन पिढ्या खपल्या.

या कथेचा नायक पूर्वेकडचा. जपान, कोरिया, सायबेरिया यांच्या किनाऱ्यांवर, वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात वाढणारा हा रानगुलाब. जपानी लोक त्याला 'हामानासु' म्हणतात. स्वीडनच्या कार्ल थुनबर्ग या वैद्याने १७८४ साली त्याचे 'रोझा रुगोसा' असे बारसे केले. मॅट्रिकला आम्हाला लॅटिन नव्हते. पण 'रुगोसा' म्हणजे सुरकुतलेला, एवढे मी शोधून काढले. पाने खरोखरच आजीच्या हातासारखी सुरकुतलेली असतात. त्या जाड पानांवर रोग सहसा पडत नाही. फुलाला लवंगेसारखा वास. आणि बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात, तर हा उन्हाळाभर पुन्हा पुन्हा फुलतो.

तेव्हा बागेतल्या नाजूक गुलाबाशी याचे लग्न लावावे, हे ओघानेच आले. पण पत्रिका जुळेना! रुगोसाच्या पेशीत गुणसूत्रे १४, बागेतल्या गुलाबांत बहुधा २८. संततीला येतात २१, आणि ती बरेचदा वांझ निघते. म्हणजे वंश तिथेच खुंटला.

ओटावाच्या सरकारी प्रयोगशेतीचे विल्यम साँडर्स यांनी १९०० साली रुगोसाचा संकर पिवळ्या इराणी गुलाबाशी केला. त्यातून निघालेला 'अ‍ॅग्नेस' लोकांच्या बागांत आला १९२२ साली. साँडर्स १९१४ सालीच वारले होते. 'अ‍ॅग्नेस' थंडीला पुरून उरला. पण पुन्हा पुन्हा फुलण्याची रुगोसाची सवय त्यात फारशी उतरली नाही.

ती उणीव भरून काढणाऱ्यांत एक कादंबरीकार होता, म्हणून मला या कथेचे विशेष अगत्य. झॉर्ज ब्युन्ये १९०५ साली फ्रान्स सोडून कॅनडातल्या आल्बर्टात आले आणि रान तोडून शेती करू लागले. १९३५ साली त्यांची 'ला फोरे' ही कादंबरी निघाली. फ्रान्सहून आलेले तरुण जोडपे जंगलापुढे कसे हरते, याची ती कहाणी. कागदावर जंगलाला जिंकू देणारा हा माणूस बागेत मात्र हार मानायला तयार नव्हता. रुगोसा आणि उत्तरेकडचे रानगुलाब घेऊन ते वर्षानुवर्षे संकर करीत राहिले. हिवाळा हाच तिथला परीक्षक, आणि तो काही कृपागुण देत नाही! अखेर १९५० साली 'तेरेज ब्युन्ये' बाजारात आला. गुलाबी, भरगच्च, सुवासिक, बर्फातून उठून पुन्हा पुन्हा फुलणारा.

पुढे ओटावाला फेलिसितास स्वेय्दा या विदुषींनी काम पुढे नेले. १९६८ सालच्या 'मार्टिन फ्रोबिशर'पासून त्यांच्या गुलाबांना धाडसी दर्यावर्दींची आणि प्रवाशांची नावे मिळाली. असे गुलाब खुंटावर डोळा न भरता स्वतःच्याच मुळांवर वाढवले, तर थंडीने वरचा भाग जळाला तरी बुडातून अस्सल फूटच येते. खुंटाचा रानटी फुटवा येऊन मालकाला फसवीत नाही.

चिवटपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपात उत्तर समुद्राकाठच्या वाळूत रुगोसा इतका माजला आहे की तिथल्या मूळच्या झुडपांना जागा उरत नाही. लोकांना तो उपटून काढावा लागतो. पाहुणा कणखर असला म्हणून त्याने घर बळकावावे, असे थोडेच आहे!

ब्युन्ये १९८१ साली, एकशे एक वर्षांचे होऊन वारले. त्यांचा गुलाब रोपवाटिकांतून आजही विकत मिळतो. पुस्तकांपेक्षा झाड अधिक अंगणांत पोचावे, हे मान्य करणे आम्हा लिहिणाऱ्यांना जरा जड जाते. पण खरे सांगू? तसे एखादे झाड माझ्या हातून होणार असेल, तर दोन-चार कादंबऱ्या मी आनंदाने रद्दीत घालीन.