हाक वेशीपर्यंतच: ऑफिस नेटवर्कवरच्या नावांचा इतिहास

आजचा विषय ऐकायला साधा आहे: कॉम्प्युटरचं नाव. पण या साध्या गोष्टीवरून ऑफिसांत किती भांडणं झाली, ते आम्ही जवळून पाहिलंय. तिथूनच सुरुवात करू.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं-तिघं मिळून ऑफिसांची नेटवर्कं सांभाळायचो. एका ऑफिसनं वरचा मजला घेतला, दोन मजल्यांमध्ये राउटर बसवला, आणि लगेच तक्रार आली. खालून ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडलं की फक्त खालचीच नावं दिसतात, वरचा हिशेबाचा कॉम्प्युटर दिसतच नाही. साहेबांनी निष्कर्ष काढला की वरच्या बाई मशीन बंद ठेवतात. बाई म्हणायच्या, “अहो, सकाळपासून चालू आहे!” पगाराची तारीख तोंडावर आलेली, आणि बाईंवर कुणाचा विश्वास बसेना.

बाई खरं बोलत होत्या. अपुरी होती ती यादी. का, ते समजायला 1983 सालात जावं लागतं.

त्या वर्षी सायटेक या कंपनीनं आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी नेटबायोस तयार केलं. कल्पना अशी की ऑफिस लहान, सगळी मशीनं एकाच तारेवर. मशीन सुरू झालं की ते हाक देणार: “मी ‘हिशेब’. हे नाव आणखी कुणाचं आहे का?” कुणी हरकत घेतली नाही, की नाव त्याचं. कुणाला शोधायचं असेल तरी हाकच मारायची. नोंदवही नाही आणि ती सांभाळणारा कारकूनही नाही.

गंमत बघा, त्याच वर्षी अमेरिकेतच या प्रश्नाचं दुसरं उत्तर पुढे येत होतं. आर्पानेटवरच्या सगळ्या मशीनांची नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती सांभाळायचा आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. नेटवर्क वाढलं, तशी ही एकच वही पुरेना. नोव्हेंबर 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला: वही वाटून टाका, ज्यानं त्यानं आपली पानं सांभाळा.

म्हणजे एक मार्ग हाकेचा, दुसरा वहीचा. ऑफिसांत हाकेचा मार्ग रुजला, कारण त्याला काही मांडामांड लागत नव्हती.

मार्च 1987 मध्ये नेटबायोस टीसीपी/आयपीवर कसं चालवायचं याचं मानक आलं. इथे खरी अडचण उघडी पडली. राउटर अशी सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक पलीकडे जाऊ देत नाही. त्यात त्याची चूक नाही. प्रत्येक हाक सगळीकडे पोचू लागली तर मोठं नेटवर्क गोंगाटानंच बंद पडेल. त्या मानकातच नावांसाठी सर्व्हरची सोय सांगितली होती. मायक्रोसॉफ्टचा तसा सर्व्हर, म्हणजे विन्स, आला तो 1994 मध्ये, एनटी 3.5 बरोबर.

आणि यादी? ती वेगळीच भानगड. एकेका सबनेटमधली मशीनं आपल्यातून एक ‘मास्टर ब्राउझर’ निवडतात. बाकीची साधारण दर 12 मिनिटांनी त्याला हजेरी देतात. तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कटतं, म्हणजे 36 मिनिटं गेली. मदतनीस ब्राउझर ती यादी दर 15 मिनिटांनी उतरवून घेतो. म्हणजे बंद पडलेलं मशीन 51 मिनिटांपर्यंत ‘हजर’ दिसू शकतं! दोन सबनेटच्या याद्या एकत्र करतो तो डोमेनचा मास्टर, एनटीच्या काळात मुख्य डोमेन कंट्रोलर. पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? नावानं. म्हणजे नाव सापडलं नाही तर यादीही जुळत नाही.

आता परत आमच्या ऑफिसात. आधी आम्ही बाईंच्या मशीनच्या आयपी पत्त्याला पिंग केलं. उत्तर आलं. मशीन चालू, राउटरही ठीक. मग नावाला पिंग केलं. उत्तर नाही. खालच्या एका मशीनवर एलएमहोस्ट्स फाइलमध्ये पत्ता आणि नाव अशी एक ओळ लिहिली. (नोटपॅडनं फाइलच्या नावाला गुपचूप टीएक्सटीचं शेपूट लावलं, त्यात अर्धा तास गेला, तो भाग वेगळा.) मग नाव टाकून शोधलं, तर हिशेबाचं मशीन उघडलं. नेबरहूडच्या यादीत मात्र अजूनही नव्हतं! नाव सापडणं आणि यादीत दिसणं हे दोन वेगळे आजार आहेत, हे साहेबांना तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

पुढचं काम सरळ होतं. विन्स सर्व्हर लावला आणि त्याचा पत्ता दोन्ही मजल्यांवरच्या सगळ्या मशीनांना दिला, डोमेन कंट्रोलरलासुद्धा. बरेच जण नेमका तोच विसरतात. मग याद्या जुळेपर्यंत हात न लावता थांबलो. जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंचं मशीन खाली दिसू लागलं. त्यांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

2000 साली विंडोज 2000 नं डोमेन कंट्रोलर शोधायला डीएनएस घेतलं. शेवटी वहीच जिंकली. 2017 च्या शरदातल्या विंडोज 10 मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती नव्यानं बसवताना वगळली गेली, आणि तिच्यासोबत ती जुनी यादीही गेली. पण नेटवर्कमधली मशीनं दाखवणारी नवी सोयही जवळपास हाक मारूनच शोधते, त्यामुळे तक्रार आजही तीच येते.

तेव्हा मंडळी, एखादं मशीन दिसत नसेल तर आधी पत्ता तपासा, मग नाव, मग यादी. आणि पलीकडच्या मजल्यावरचा माणूस “चालू आहे” म्हणत असेल, तर तपासून होईपर्यंत त्याला खोटं ठरवू नका. प्रश्न असतील तर जरूर विचारा.