सोलानीच्या माथ्यावरून गंगा

डिसेंबर 1851. रुडकीजवळ सोलानीच्या पात्रात उतरताय, पण जपून. जागोजागी विहिरी आहेत. पाण्याच्या नव्हेत, पायाच्या. वाळूवर विटांची विहीर बांधायची आणि आतली वाळू उपसत राहायचं. कडेवर हात ठेवून बघा, अख्खं बांधकाम स्वतःच्याच भाराने तसूतसूने खाली बसतंय. याच पायावर 50-50 फुटांच्या 15 कमानी पेलायच्या आहेत, आणि कमानींवरून गंगेचा कालवा न्यायचा आहे.

शिट्टी झाली, बाजूला व्हा! मातीचे डबे ओढत वाफेचं इंजिन येतंय. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटायला अजून वर्षाहून जास्त अवकाश आहे, आणि इथे रूळ पडलेसुद्धा, खोऱ्यातल्या भरावाची माती वाहायला.

एवढा खटाटोप 1837-38च्या दुष्काळापायी. दोआबात तेव्हा माणसं लाखांनी मेली. प्रॉबी कॉटलीने कालव्याचा आराखडा केला, 1842मध्ये खोदाई लागली. गंगा बांधायला हरिद्वारच्या पुरोहितांनी हरकत घेतली, तेव्हा तिचा प्रवाह अखंड राहावा म्हणून त्याने बंधाऱ्यात मोकळी वाट ठेवली.

आता काठाकाठाने हरिद्वारकडे चला. डावीकडे शिवालिकच्या टेकड्या. तिथून उतरणारे ओढे या दिवसांत नुसते गोटे आणि वाळू, पण पावसाळ्यात त्यांचा लोंढा कालवा फोडून नेईल असा. धनौरीला रतमाऊ एका अंगाने कालव्यात शिरणार आणि समोरच्या दारांतून बाहेर पडणार. पुढे पथरी आणि रानीपूरचे ओढे कालव्याच्या डोक्यावरून जाणार. सोलानी तर तुम्ही पाहिलीच, ती खालून. कॉटलीचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. त्याने एकाही ओढ्याला अडवलं नाही. ज्याची जशी पातळी, तशी त्याला वाट करून दिली.

आणि आता 8 एप्रिल 1854. रुडकीला दोन्ही तीरांवर माणूस मावत नाही. जलसेतूच्या टोकांना बसवलेल्या भल्यामोठ्या सिंहांमधून गढूळ पाणी पुढे सरकतंय. गर्दीतून वाट काढा आणि पुन्हा पात्रात उतरा. कमानीखाली उभे राहून वर बघा: डोक्यावर गंगा, पायाशी सोलानी, मध्ये फक्त वीट आणि चुना. वरचं पाणी थांबणार नाही. त्याला अलीगढ, कानपूरकडची शेतं गाठायची आहेत.