खर्जाची तार आणि नको असलेला सूर

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतील नृत्यगृहांत एक चमत्कारिक अडचण उभी राहिली होती. गिटारला विजेची जोड मिळून पंधरा वर्षे होत आली होती. ढोल आणि पितळी वाद्ये यांचा आवाज तर मुळातच दांडगा. या गलबल्यात ज्याच्या सुरावर सारा मेळ उभा राहावयाचा, तो डबल बास मात्र कुणाला ऐकू येईनासा झाला. व्हायोलिनच्या घडणीचे, पण माणसाच्या उंचीहून मोठे असे हे वाद्य उभे धरून वाजवावे लागते. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकमध्ये लावला, तर त्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने देते. यावरून ४१ कंपनांचा सूर किती खोल असेल, याची कल्पना यावी. इतका खोल सूर कानापर्यंत पोहोचावा यासाठी शक्ती फार लागते, आणि दोन बोटांनी छेडलेल्या तारेत ती नसते. वादक अंगातले सारे बळ लावी, बोटांना फोड येत, आणि मागच्या रांगेत केवळ धपधप ऐकू जाई.

या अडचणीवरचा उपाय पहिल्यांदा सुचला तो सिएटल येथील पॉल टटमार्क या संगीतशिक्षकाला. १९३६ च्या सुमारास त्यांनी भरीव लाकडाचे, आडवे धरून वाजविण्याजोगे, विजेवर चालणारे एक खर्जवाद्य बाजारात आणले. परंतु त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. वेळेआधी आलेल्या पाहुण्याप्रमाणे ते वाद्य दाराशीच थांबले.

दार उघडले ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी. १९०९ साली जन्मलेल्या या गृहस्थांचा मूळ धंदा रेडिओदुरुस्तीचा. १९३८ साली त्यांनी दुकान काढले आणि तेथे येणाऱ्या वादकांची नादुरुस्त यंत्रे दुरुस्त करता करता ते वाद्ये घडवू लागले. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. तथापि वादकाची तक्रार ऐकून घेण्याची कला त्यांच्यापाशी होती, आणि शोधकाला तीच अधिक उपयोगी पडते. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बास’ हे चार तारांचे वाद्य सिद्ध केले. डबल बासच्या कंप पावणाऱ्या तारेची लांबी सुमारे ४२ इंच असते. फेंडर यांनी ती ३४ इंचांवर आणली. दांडीवर सतारीप्रमाणे पडदे बसविले. डबल बासच्या गुळगुळीत पट्टीवर सुराची नेमकी जागा कानाने शोधावी लागे. पडद्यांमुळे ती आयती सापडू लागली. हा नेमकेपणा हाच ‘प्रिसिजन’ या नावाचा अर्थ. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, या वाद्यासाठी मुद्दाम तयार केलेला ‘बासमन’ हा ध्वनिवर्धकही आला. लायोनेल हॅम्प्टन यांच्या जाझ वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी यांच्यासारखा डबल बासवर हात बसलेला वादक १९५३ मध्ये हे वाद्य वाजवू लागला, तेव्हा जुन्या मंडळींच्या भुवया उंचावल्या. पण खर्ज आता शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला होता.

मात्र आवाज मोठा होताच त्याच्या पाठोपाठ एक नको असलेला सोबती आला. त्याची ओळख पटण्यासाठी यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. अशा गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकाच्या क्षेत्रात चळवळ होते आणि वेटोळ्यात अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक त्यालाच शतपटींनी वाढवितो. या भागाला ‘पिकअप’ म्हणतात. परंतु ज्या वेटोळ्याला तारेचे कंपन कळते, त्याला खोलीतील विजेचे कंपनही कळते. भिंतीतील तारा, ट्यूबलाइट, ध्वनिवर्धकातील ट्रान्सफॉर्मर या सर्वांभोवती विजेच्या प्रवाहाबरोबर दिशा पालटणारे चुंबकीय क्षेत्र असते. ऐकावे कोणते आणि सोडावे कोणते, हा विवेक वेटोळ्याला नाही. म्हणून वादकाने हात लावण्यापूर्वीच ध्वनिवर्धक ‘घूं’ असा स्वर लावून बसतो.

हा स्वर देशपरत्वे बदलतो. अमेरिकेत घरगुती विजेची सेकंदाला ६० आवर्तने होतात. तेथील मूळ गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कोठेतरी पडते. भारतात आवर्तने ५० असल्यामुळे ती खोल सप्तकातील पांढरी पाचच्या किंचित वर लागते. तिच्याबरोबर दुप्पट कंपनांचा वरचा सूरही बहुधा असतोच. इतर वाद्यांना ही गुणगुण दूरची वाटेल; खर्जवाद्याच्या ती ऐन घरात शिरते. सेकंदाला ४१ ते १०० कंपने हीच तर त्याच्या नित्य संचाराची जागा. तंबोऱ्याचा अखंड षड्ज गायकाला आधार देतो. विजेचा हा षड्ज कुणाचेही गाणे न ऐकता आपलाच सूर रेटीत राहतो.

आवाज वाढवावा तर गुणगुणही वाढते. वरचे सूर कापावेत तर खर्जातील गुणगुण तशीच राहते. तेव्हा बळाने हा शत्रू हटणारा नव्हता. तो हटला एका सुंदर युक्तीने. मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथील गिब्सन कंपनीचे तंत्रज्ञ सेथ लव्हर यांनी एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवली. दुसऱ्याच्या वेढ्यांची दिशा पहिल्याच्या उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते, पण एकीत ती सुलटी व दुसरीत उलटी असल्यामुळे बेरीज शून्य होते. तारेच्या कंपनाबाबत मात्र वेढेही उलटे आणि ध्रुवही उलटे, म्हणजे दोनदा उलटल्यामुळे ते पुन्हा सुलटे होते आणि दोन्ही वेटोळ्यांतील सूर एकमेकांत मिळतात. लव्हर यांनी १९५५ साली एकस्वासाठी अर्ज केला. ते १९५९ साली मंजूर झाले. याच सुमारास रे बट्स यांनीही प्रसिद्ध गिटारवादक चेट अॅटकिन्स यांच्यासाठी स्वतंत्रपणे अशीच योजना केली होती.

फेंडर यांनी १९५७ मध्ये आपल्या प्रिसिजन बासमध्ये हेच तत्त्व निराळ्या रीतीने वापरले. त्यांनी पिकअपचे दोन तुकडे केले: एक जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. प्रत्येक तारेला स्वतःचे एकच वेटोळे, परंतु गुणगुणीला मात्र दोन उलटसुलट वेटोळ्यांतून जावे लागते आणि ती तेथेच विरते. १९६० साली आलेल्या ‘जाझ बास’मध्ये दोन स्वतंत्र पिकअप होते. दोन्ही पूर्ण उघडे असले की ते एकमेकांची गुणगुण मारतात. एकाचा आवाज कमी केला की ती पुन्हा डोके वर काढते. आजही अनेक नवशिके वादक, वाद्य बिघडले असे समजून, याच गोष्टीसाठी कारागिराकडे धाव घेतात.

यंत्राचा निम्मा गोंगाट असा गेला. उरलेला निम्मा वादकाच्या हातात होता. एक तार छेडली की शेजारच्या तारा आपोआप कंप पावतात. सतारीत तरफेच्या तारा मुद्दाम याचसाठी बांधलेल्या असतात आणि त्यांच्या झंकाराने सतारीला शोभा येते. खर्जवाद्यात मात्र हाच झंकार चिखल होऊन बसतो. म्हणून खर्जवादकाच्या शिक्षणात तार वाजविण्याइतकेच तार गप्प करण्याला महत्त्व आहे. उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर टेकलेला. बोटे बारीक तारांकडे सरकली की अंगठाही मागोमाग सरकतो. डाव्या हाताचे जे बोट सूर धरते, तेच आपल्या मोकळ्या भागाने खालच्या तारेला अलगद शिवून असते. सूर कोठे सुरू करावा हे नवशिक्यालाही कळते. तो कोठे संपवावा हे ज्याला कळले, त्याचाच ताल ऐकणाऱ्याच्या अंगात भिनतो.

या विद्येचा थोर आचार्य म्हणजे जेम्स जेमरसन. १९३६ साली दक्षिण कॅरोलायनात जन्मलेले जेमरसन डेट्रॉइट शहरात आले, डबल बास शिकले, आणि पुढे मोटाउन कंपनीच्या वाद्यवृंदात दाखल झाले. एका साध्या घरातील तो ध्वनिमुद्रण-कक्ष. वादक त्याला ‘सापांचा खड्डा’ म्हणत. जेमरसन यांच्यापाशी १९६२ चा प्रिसिजन बास होता. ते उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरीत. तारा गुळगुळीत वेष्टनाच्या, आणि तुटल्याखेरीज बदलावयाच्या नाहीत असा बाणा. घोडीवरील झाकणाखाली स्पंजाची पट्टी, त्यामुळे सूर लांबत नसे. ध्वनिवर्धक आणि मायक्रोफोन हा वळसा टाळून त्यांचा बास थेट मुद्रणयंत्राला जोडला जाई, त्यामुळे गोंगाटाला शिरण्याचा एक मार्गच बंद होई. या साऱ्या नकारांतून उरला तो एक गोल, भरदार, बोलका सूर. जगभर त्या काळी जी शेकडो गाणी वाजली, त्यांच्या तळाशी तो आहे.

इतरांनी आपापले मार्ग काढले. कॅरल के या मूळच्या गिटारवादक. १९६३ साली हॉलिवूडमधील एका मुद्रणास बासवादक आलाच नाही, तेव्हा त्यांनी ते वाद्य उचलले आणि नखीने वाजवून नाव मिळविले. तारा दाबून ठेवण्यासाठी त्या फेल्टची पट्टी वापरीत. लॅरी ग्रॅहम आपल्या आईबरोबर कार्यक्रम करीत. साथीला ढोलवादक उरला नाही, तेव्हा अंगठ्याचा ठोका आणि बोटाचा झटका यांनी त्यांनी ती उणीव तारांवरच भरून काढली. जॅको पास्टोरियस यांनी जाझ बासचे पडदेच काढून टाकले, आणि १९७६ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा खर्जातूनही मींड कशी निघते हे जगाला कळले. फेंडर यांनी पंचवीस वर्षांपूर्वी बसविलेले पडदे अशा रीतीने एका कुशल हाताने परत केले.

गोंगाटाचे निदान वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे क्रमाने करावे लागते. प्रथम वाद्यावरील आवाजाची कळ पूर्ण बंद करावी. गुणगुण तरीही राहिली, तर दोष जोडतारेत, ध्वनिवर्धकात किंवा घराच्या विजेत आहे. ती थांबली, तर तिचा उगम वाद्यात आहे. वादकाने जागच्या जागी हळूहळू वळून पाहावे. एखाद्या दिशेला गुणगुण कमी झाली, तर पिकअप बाहेरचे चुंबकीय क्षेत्र पकडीत आहे. तारांना हात लावताच ती कमी होत असेल, तर घोडीची अर्थिंगची जोडणी शाबूत आहे, आतील आच्छादन मात्र अपुरे आहे. उलट हात लावल्याने ती वाढली, तर ती जोडणी तुटलेली असण्याचा संभव फार. कळ फिरविताना खरखर झाली तर आत धूळ बसली आहे. जोडतार हलविताच खडखड झाली तर ती तार बदलावी. दोन यंत्रे एकमेकांना जोडून निरनिराळ्या ठिकाणांहून वीज घेतली, तर अर्थिंगचे वर्तुळ पुरे होऊन गुणगुण सुरू होते. दोन्ही एकाच ठिकाणी जोडली की ती बहुधा थांबते.

येथेच एक मोह होतो, आणि तो प्राणघातक आहे. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली की अशी गुणगुण कित्येकदा तत्काळ थांबते. परंतु ती पिन आवाजासाठी नसून माणसासाठी असते. वादकाचे हात पोलादी तारांवर असतात आणि ओठ मायक्रोफोनजवळ. यांपैकी एकात विजेचा प्रवाह उतरला, तर त्याचे शरीरच वाट बनते. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या मेळातील गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा हात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला लागला आणि श्रोत्यांसमक्ष त्यांचा अंत झाला. थोडी गुणगुण सोसावी; अर्थिंग तोडू नये.

खर्जवादकाचे भाग्य काहीसे विचित्र असते. त्याचा सूर चुकला तर सर्वांना कळते, आणि बरोबर लागला तर तो आहे हेही कुणाच्या ध्यानी येत नाही. जेमरसन यांनी मोटाउनसाठी वर्षानुवर्षे वाजविले. त्यांचे नाव कंपनीच्या मुखपृष्ठावर आले ते १९७१ सालच्या मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेवर. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही हेच घडत होते. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी त्या गाण्यांना आपल्या वाद्यांचा भराव दिला. तबकड्यांवर नावे छापली जात ती गायकाची, कवीची आणि संगीतकाराची. गावोगावच्या रेडिओवर लोक ती गाणी ऐकत आणि गायकाबरोबर गुणगुणत. तळाशी चाललेल्या तारेकडे क्वचितच कुणाचा कान जाई.

जेमरसन १९८३ साली वारले. त्याच्या थोडे आधी त्यांचा तो बास चोरीला गेला होता. २००० साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. वाद्य हाती नसले तरी मुद्रित सूर राहिला आहे, आणि तो ऐकण्यास कोणत्याही विशेष यंत्राची गरज नाही. जुन्या गाण्याची तबकडी पुन्हा लावावी, गायकाकडे क्षणभर दुर्लक्ष करावे, आणि सर्वांत खालचा सूर कोठे थांबतो तेवढेच ऐकावे. ज्या अर्ध्या क्षणात तेथे काहीही वाजत नाही, त्या शांततेसाठी एका रेडिओदुरुस्त्याने, एका तंत्रज्ञाने आणि एका तर्जनीने वर्षानुवर्षे कष्ट घेतले आहेत.