करमरकर शिल्पालय, सासवणे

करमरकर शिल्पालय हे रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील सासवणे येथील शिल्पसंग्रहालय आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांच्या राहत्या घरात व अंगणात ते वसलेले आहे.

करमरकरांच्या घरी गणेशमूर्ती घडविल्या जात. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. पुण्यातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे (१९२८) त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. हा सुमारे साडेतेरा फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा मुंबईत ओतला गेला.

स्मारकशिल्पे मागणीबरहुकूम घडवावी लागत. सासवण्यातील कामांत मात्र शिल्पकाराची स्वतःची आवड दिसते. अंगणातील म्हैस इतकी हुबेहूब आहे की नवखा पाहुणा क्षणभर बिचकतो. आसपासची कष्टकरी माणसे व कोळी स्त्रिया हेही त्यांचे विषय होते. ‘शंखध्वनी’ हे त्यांचे गाजलेले शिल्प. यांतील बरीच शिल्पे प्लॅस्टर व सिमेंटची आहेत. सिमेंटसारख्या रुक्ष द्रव्यातून त्वचेचा मऊपणा साधणे, हे त्यांचे वैशिष्ट्य मानावे लागेल.