बारा व्होल्टची मर्यादा आणि मोटारीतील ध्वनी

मोटारीतील ध्वनियंत्रणेचा इतिहास सहसा रेडिओ, कॅसेट, सीडी अशा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो. मात्र साधने बदलत गेली तरी एक अडचण नव्वद वर्षांहून अधिक काळ कायम राहिली, ती म्हणजे मोटारीच्या बॅटरीचा तुटपुंजा विद्युतदाब; आणि आवाज सुधारण्याचे बहुतेक महत्त्वाचे प्रयत्न तिच्यावर मात करण्यासाठीच झाले.

शिकागोतील गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनचे पॉल गॅल्विन यांनी 1930 मध्ये विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांच्या साहाय्याने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी ते अटलांटिक सिटीत भरलेल्या रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनाला घेऊन गेले. पुढे 'मोटोरोला' या नावाने विकल्या गेलेल्या या संचाची किंमत शंभर डॉलरांच्या वर होती, तर नवी फोर्ड मॉडेल ए गाडी तेव्हा सुमारे पाचशे डॉलरांना मिळत असे. रेडिओ बसवणे हे एका दिवसात उरकणारे काम नव्हते. इंजिनातील स्पार्क प्लगच्या प्रत्येक ठिणगीसरशी रेडिओत खरखर उमटत असे आणि ती दाबण्यासाठी प्लगच्या तारांत रोधक व डायनॅमोवर कंडेन्सर बसवावे लागत. एरियलसाठी छताचे अस्तर उसवून आत तारेची जाळी घालण्याचीही पद्धत होती. पुढे छप्पर संपूर्ण पोलादी झाल्यावर ही सोय संपली आणि एरियल गाडीच्या पायरीखाली किंवा बाहेर काठीच्या रूपात आले.

खरा पेच विजेचा होता. रेडिओतील व्हॉल्व्ह, म्हणजे संदेश प्रवर्धित करणाऱ्या काचेच्या निर्वात नलिका, चालण्यासाठी शंभर व्होल्टहून अधिक दाब लागे, तर गाडीच्या बॅटरीचा दाब होता अवघा सहा व्होल्ट. आरंभी यासाठी कोरड्या बॅटऱ्यांचा वेगळा संच गाडीच्या तळाशी ठेवला जाई. तो महाग असे आणि वरचेवर बदलावा लागे. त्यानंतर व्हायब्रेटर आला. सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा थरथरणारी पोलादी पट्टी बॅटरीचा एकदिश प्रवाह सतत तोडून जोडत राही आणि अशा स्पंदमान प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मरला वाढवता येई. जुन्या मोटार-रेडिओच्या डब्यातून ऐकू येणारी मंद गुणगुण या पट्टीचीच असे.

1955 मध्ये फिल्को आणि क्रायस्लर या कंपन्यांनी संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला मोठा दाब लागत नसल्यामुळे व्हायब्रेटरची गरज उरली नाही. त्याच सुमारास अमेरिकी गाड्यांच्या बॅटऱ्याही सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. त्यामुळे अडचण मिटल्यासारखी वाटली, तरी प्रत्यक्षात ती स्पीकरकडे सरकली होती. चार ओहम रोधाच्या स्पीकरला बारा व्होल्टवर चालणारे साधे प्रवर्धक हिशेबाने जास्तीत जास्त साडेचार वॅट देऊ शकते. बोलणे आणि बातम्या ऐकायला एवढी शक्ती पुरते. धावत्या गाडीत चाकांच्या आणि वाऱ्याच्या आवाजावर मात करून तबल्याचा डग्गा स्वच्छ ऐकू यावा, इतकी मात्र नाही. स्पीकरच्या दोन्ही टोकांना परस्परविरुद्ध संदेश देणाऱ्या, 'ब्रिज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडणीने ही मर्यादा चौपट, म्हणजे सुमारे अठरा वॅटपर्यंत वाढते, पण त्यापुढे जात नाही.

या मर्यादेपलीकडे जाण्याची वाट 1970 च्या दशकात अॅरिझोनातील जिम फॉसगेट यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी लोकप्रिय केली. त्यांच्या स्वतंत्र अॅम्प्लिफायरमध्ये बॅटरीचा प्रवाह ट्रान्झिस्टर अतिशय वेगाने तोडत-जोडत आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवीत असे. म्हणजे टाकून दिलेल्या व्हायब्रेटरचेच तत्त्व, थरथरणारी पट्टी वगळून, पुन्हा कामाला आले होते. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच मानावे लागेल. अशा यंत्रणेला भरपूर प्रवाह लागतो; तो पुरवणारा अल्टरनेटर 1960 च्या प्लिमथ व्हॅलियंटपासून अमेरिकी गाड्यांत रूढ होऊ लागला होता, आणि मोटोरोलातील अल्टरनेटरच्या कामामागे तेच वेव्हरिंग होते.

ग्राहकाला स्वतःच्या आवडीचा संच बसवता येऊ लागला तो मात्र एका साध्या मापामुळे. जर्मन मानकातून आलेली, सुमारे 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच अशी डॅशबोर्डमधील खोबण अनेक देशांतील उत्पादकांनी स्वीकारली आणि एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचा कॅसेट-प्लेअर सहज बसू लागला. भारतात रेडिओसाठी परवाना घ्यावा लागत असे आणि ती सक्ती 1980 च्या दशकापर्यंत टिकली. त्याच दशकात मारुती 800 आणि कॅसेट या दोन्हींचा प्रसार झाला आणि डॅशबोर्डमध्ये प्लेअर व मागच्या काचेखालील फळीत स्पीकर बसवणे हा शहरोशहरी कारागिरांचा स्वतंत्र व्यवसाय बनला.

अलीकडच्या गाड्यांत ही खोबण उरलेली नाही. वातानुकूलनापासून नकाशापर्यंत सारे काही एकाच पडद्यात गुंफलेले असल्यामुळे मूळ संच काढता येत नाही. म्हणून कारागीर त्यातून बाहेर पडणारा संदेश घेतो, कंपनीने त्यात केलेले चढउतार अंकीय प्रक्रियकाच्या मदतीने सपाट करतो आणि मगच तो नव्या अॅम्प्लिफायरला देतो. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या तळाशी शेकडो व्होल्टची बॅटरी असते, तरी बहुतेक अशा गाड्यांत ध्वनियंत्रणेसाठी तो दाब आधी बारा व्होल्टपर्यंत उतरवला जातो आणि वेगळा बसवलेला अॅम्प्लिफायर तो पुन्हा वर चढवतो.