फोटो बघू नका, वाचा: मालगाडी, 'खेकडा' आणि कॅमेऱ्याची जागा

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमची साधनं कोणती?" 'जुनी छायाचित्रं' एवढं सांगून बरेच जण थांबतात. पण ती वाचायची कशी? मालगाडीचं उदाहरण घेऊ.

आमच्या कळवण तालुक्यात रेल्वे नाही. इथला कांदा ट्रॅक्टरने बाजार समितीत जातो आणि रेल्वेने जायचाच असेल तर लासलगावसारख्या स्टेशनच्या मालधक्क्यावर वाघिणीत चढतो. म्हणजे मालगाडी आपल्याला कळते ती मालाच्या बाजूने. ती चालवणाऱ्याच्या बाजूने कशी दिसते, हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. गंमत म्हणजे बहुतेक जुन्या फोटोंनाही तो सुचलेला नाही.

आता एक इंजिन बघा. मुंबईहून पुणे आणि इगतपुरीकडच्या मार्गांचं विद्युतीकरण होत होतं, तेव्हा जीआयपी रेल्वेने 1928 पासून मालगाड्यांसाठी 41 विद्युत इंजिनं आणली. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-1 म्हणू लागले. दोन्ही टोकांना लांबलचक नाकाड, मध्ये केबिन. आयुष्याच्या शेवटी, 1990 च्या सुमारास, ती मुंबईच्या परिसरात शंटिंग करत होती. 'सर लेस्ली विल्सन' नावाचं एक इंजिन आज सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत उभं आहे.

रेल्वेप्रेमी याला 'क्रोकोडाइल' म्हणतात. हे नाव बाजूने बघणाऱ्याचं; फोटोही बहुतेक बाजूनेच काढलेले. आपल्याकडचं नाव मात्र 'खेकडा'! एकाच यंत्राची दोन नावं, म्हणजे बघायच्या दोन जागा.

आता मनाने केबिनमध्ये चढा. समोर आधी ते नाकाड. त्याच्या आडचा जवळचा रूळ दिसत नाही. यार्डात वाघिणी जोडताना ड्रायव्हरचा सगळा भरवसा खालच्या शंटरच्या झेंडीवर, रात्री दिव्यावर. दोन वाघिणींच्या मध्ये कपलिंग लावणाऱ्याचा जीव त्या इशाऱ्यावर टांगलेला. बाजूच्या देखण्या फोटोत यातलं काय दिसतं? काहीच नाही.

वेळही दिसत नाही. ऑगस्ट 1973 मध्ये इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांनी संप केला. मुख्य मागणी होती, सलग ड्यूटी 10 तासांच्या वर नको. फोटोतला ड्रायव्हर कितव्या तासाला उभा आहे, हे कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी ड्यूटीच्या नोंदी आणि माणसांच्या आठवणी लागतात.

म्हणून प्रत्येक फोटोला तीन प्रश्न विचारा. कॅमेरा कुठे उभा आहे? फोटो कुणासाठी काढला? चौकटीबाहेर कोण राहिलं?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. 2022 पासून 'गार्ड'चं पदनाम 'ट्रेन मॅनेजर' झालंय, तेव्हा शोध घेताना दोन्ही शब्द वापरा. ब्रेक व्हॅनही हळूहळू कमी होतायत. खेकड्यावर काम केलेली माणसं आता म्हातारी झालीत. अभिलेखागार दोन वर्षं थांबेल, ती थांबतीलच असं नाही. आधी इगतपुरीला जा, कर्जतला जा. फोटो सोबत न्या, त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "तुम्ही यात कुठे होता?"